एक जुलैचं माणिक

आमच्या दुकानात काउंटरच्या मागच्या भिंतीवर एक रंगीत तक्ता आहे. बारा महिने आणि प्रत्येक महिन्याचा एक खडा. जानेवारीला तामडा, मे महिन्याला पाचू, जूनला मोती, जुलैला माणिक, सप्टेंबरला नीलम, असं करत डिसेंबरच्या फिरोजापर्यंत. खडे पुरवणाऱ्या व्यापाऱ्यानं तो एका दिवाळीला मिठाईच्या डब्याबरोबर दिला. मिठाई दोन दिवसांत संपली. तक्ता सात-आठ वर्षं झाली तरी तिथंच आहे, आणि बुलडाण्यातल्या आमच्या दुकानाचा खड्यांचा निम्मा धंदा त्याच्या जिवावर चालतो.

सोनं नवरा बघतो, खडे मी. माझं माहेर शिक्षकाचं आणि सासर सराफाचं. माहेरी खडू, सासरी खडे, असं आयुष्य गेलं आणि तक्रार करावी असं फारसं काही घडलं नाही. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते, अर्धी नोकरी देऊळघाटला झाली. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच आहेत. नव्वदीला टेकलेत. रोज सकाळी अकराला दुकानात येतात, दारालगतच्या खुर्चीवर बसून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त करतात. तो पेपर कुणाला परत द्यायचा नसतो. तरी करतात.

तक्ता आला तेव्हा नवऱ्यानं नाक मुरडलं होतं. सासऱ्यांच्या काळी खडा असा भिंतीवर बघून निघत नसे. आधी पत्रिका, मग रास, मग कोणता ग्रह रुसलाय ते, आणि मग भटजींनी चिटोऱ्यावर लिहून दिलेला हुकूम: सव्वापाच रत्तीचा पुष्कराज, गुरुवारी, तर्जनीत. ते चिटोरं घेऊन माणूस दुकानात येई. नऊ ग्रह, नऊ रत्नं, संपलं आमचं जग. महिन्यांची ही यादी तिकडची, शंभरएक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या सराफांनी एकत्र बसून ठरवलेली. त्याआधी तिकडेही एकवाक्यता नव्हती. एका गावी एक खडा, दुसऱ्या गावी दुसरा, आणि ज्याला परवडेल त्यानं बाराही बाळगायचे, महिना पालटला की अंगठी पालटायची. हे सगळं मी मोबाइलवर वाचलं आणि नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “म्हंजे आपल्यासारखेच दुकानदार होते ते.” त्या दिवसापासून त्याचा तक्त्यावरचा राग गेला.

आपल्याकडच्या समजुती काही कमी नाहीत. अंगठीची पाठ उघडी ठेवायची, म्हणजे खडा कातडीला लागतो आणि गुण देतो. खडा आपोआप तडकला तर समजायचं, तुमच्यावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं. धंद्याला ही समजूत फार सोयीची आहे. तडकलेल्या खड्यावरून कुणी भांडायला येत नाही, उलट हात जोडून नवा घेऊन जातो. नीलम सगळ्यांत तापट. तो घ्यायच्या आधी निळ्या कापडात बांधून तीन रात्री उशीखाली ठेवतात. वाईट स्वप्न पडलं, घरात काही वाकडं झालं, की परत. लग्नानंतर सासूबाईंनी माझ्याही उशीखाली ठेवला होता, कारण माझ्या पत्रिकेत शनीचं काहीतरी होतं. दुसऱ्याच दिवशी माझं आणि नवऱ्याचं कडाक्याचं भांडण झालं. त्यात नीलमचा काही दोष नव्हता, वरणात मीठ कमी म्हणाला म्हणून झालं होतं. पण सासूबाईंनी नीलम उचलून पुडीत घातला आणि राग शांत व्हावा म्हणून मला मोती करून दिला. तीस वर्षं झाली त्याला. मोती पिवळा पडला, रागाला काही झालं नाही.

तक्त्यानं सगळं सोपं करून टाकलं. पत्रिका नको, भटजी नको, फक्त जन्माचा महिना सांगा. आणि इथंच गंमत झाली. पन्नाशी-साठीच्या पुढचं गिऱ्हाईक यायचं, पोराबाळांनी निवृत्तीला अंगठी करून द्यायची ठरवलेली असायची, मी तारीख विचारायचे आणि उत्तर एकच: एक जुलै. माणूस धामणगाव बढ्याचा असो, मोताळ्याचा असो की चिखलीकडचा. एक जुलै म्हणजे माणिक. पुडीमागून पुडी माणिक जायला लागलं, तेव्हा तो व्यापारी एकदा मला म्हणाला, “काय हो वहिनी, तुमच्या जिल्ह्यात सगळे एकाच दिवशी जन्मतात का?”

मला कारण माहीत होतं. कारण दारालगतच्या खुर्चीवर पेपर वाचत बसलं होतं.

त्या काळी शाळेत नाव घालायचं तर मूल सहा वर्षांचं असावं लागे आणि दाखल्यावर तारीख लागे. तारीख कुणालाच माहीत नसे. आईला विचारावं तर ती म्हणे, “पोळ्याच्या मांगंपुढं झाला जी,” नाहीतर “जवारी सोंगून राह्यलो होतो तवाची हाय.” कागदावर असं लिहिता येत नाही. मग गुरुजी पोराचे दात बघत, हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का बघत, मनात वय ठरवत आणि शाळा सुरू व्हायच्या सुमाराची सोयीची तारीख टाकून देत. वडिलांनी अशी किती पोरं जन्माला घातली याची काही गणती नाही. घरात आम्ही त्यांना त्यावरून चिडवायचो. तेही हसायचे.

ती बाई आली ती दिवाळीनंतर, बाजाराच्या दिवशी. पासष्टीची असेल. काठाची सुती साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. अंगणवाडी सेविका होती, नुकतीच निवृत्त झाली होती.

“पोरायनं सांगतलं, आई, तुह्या महिन्याचा खडा घे,” ती म्हणाली. “थो पाहाले आली.”

“तारीख?”

“कागदावरची एक जुलै.”

मी माणिकाची पुडी उघडायलाच घेतली. तिनं तिकडं पाहिलंही नाही.

“थे ठेवा ताई. थे तारीख माही नाई. शाळेत नाव घालतानी गुरुजीनं लेहली होती. माहा खरा महिना कोनता, थे मले मालूम नाई. तुमच्यापाशी काई असते का तसं, महिना काढाचं?”

बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी, आणि माझा मोती तर काही कामाचा नाहीच. मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले, “आमच्याकडे कुठून असणार? जुलैच धरा की. सगळे तेच धरतात.”

“सगळे धरत असन,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मागं हटणारा नव्हता. “ताई, मी पस्तीस वर्सं अंगनवाडीत नोंदी केल्या. कोनतं लेकरू कोनत्या दिवशी झालं, किती वाजता, किती वजनाचं. गावातल्या एकाही लेकराची तारीख चुकू देल्ली नाई. अन माहीच एक नाई. नाव माहं, घर माहं, पोरं माही. दिवस तेवढा दुसऱ्यानं देल्ला. आता खडा घेईन तं माह्या महिन्याचा घेईन, नाई तं पोरायले सांगतो, राहू द्या.”

दाराजवळचा पेपर खाली आला.

“शाळा कोणती?” वडिलांनी विचारलं.

“देऊळघाटची.”

वडील तिच्याकडे बघत राहिले. त्यांना लांबचं नीट दिसत नाही, पण नजर तिच्या हातावर होती. पिशवीतून रुमाल काढणाऱ्या डाव्या हातावर.

“तू डावखोरी,” ते म्हणाले. “पाटी उजव्या मांडीवर घेऊन बसायचीस. मारुतीच्या देवळामागं घर. तुझ्या आईनं तुला शाळेत आणून सोडलं तेव्हा खुरपं हातातच होतं तिच्या.”

ती वळली, क्षणभर पाहिलं आणि भर दुकानात, मेथीच्या जुडीसकट त्यांच्या पायाशी वाकली. “गुरुजी! तुम्हीच मले डाव्या हातानं लेहू देल्लं होतं. दुसरे गुरुजी मारत होते.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मंग तू गुरुजीच्या घरच्या पाळन्यातली? तुले म्या झुलवलं हाय, बाई.” ताईची मी एका झटक्यात बाई झाले आणि मघाचा माझा फणकारा मला फार लागला.

वडिलांनी तिला शेजारच्या स्टुलावर बसवलं. “ती तारीख माझ्याच हातची आहे,” ते म्हणाले.

“हाव ना गुरुजी. त्या तारखेवर नोकरी लागली, त्याच तारखेवर रिटायर झाली. मी काई भांडाले नाई आली. माहा महिना तेवढा पाह्यजे मले.”

दुपारी वडील अर्धीच भाकरी जेवले. मी विचारलं तर म्हणाले, “पेपरातली एक वेलांटी चुकली तर मला चैन पडत नाही. आणि इतक्या लेकरांच्या दाखल्यावर मी खोटं लिहिलं. तुम्ही हसायचात, मीही हसायचो. ती हसली नाही.” मी त्यांची समजूत काढायला गेले, की तेव्हाची रीतच तशी होती. त्यांनी मला गप्प केलं. “तुझी तारीख मात्र मी मिनिटासकट लिहून ठेवली.” ते खरंच होतं. माझी जन्मवेळ त्यांच्या हस्ताक्षरात अजून कपाटात आहे. मला वडिलांचं वाईट वाटलं, आणि त्या बाईचं त्याहून जास्त.

पण माझे वडील हातपाय गाळून बसणाऱ्यांतले नाहीत. ती निघाली तेव्हाच त्यांनी तिला गृहपाठ दिला होता. “तुझ्या जन्माबद्दल आईनं आयुष्यात काय काय सांगितलं, सगळं आठवायचं. क्रमांक घालून लिहायचं. पुढच्या बाजाराला घेऊन यायचं.” खड्याला तारीख लागत नाही, महिना पुरतो, आणि महिना काढता येईल, असं त्यांचं म्हणणं. आठवडाभर ते पेपर सोडून जुन्या पिकांचा विचार करत बसले. कोणतं पीक तेव्हा कधी पेरायचे, कधी निघायचं, हे मला आणि नवऱ्याला दहा वेळा ऐकवून झालं.

पुढच्या बाजाराला ती वहीचं पान घेऊन आली. डावीकडे झुकलेलं, पण सुबक अक्षर. एक: मी झाली तेव्हा कडक थंडी होती, बाजेखाली शेगडी ठेवली होती. दोन: घरात तुरीच्या ओल्या शेंगा उकडल्या होत्या, पण आईला खाऊ दिल्या नाहीत, बाळंतिणीला वातूळ म्हणून. तीन: बाबा गाडीत कापूस घालून गेले होते आणि तिसऱ्या दिवशी परत आले. आईला ते शेवटपर्यंत सलत होतं.

वडिलांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. थंडी, तूर, कापूस. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत काहीही असू शकत होतं. नवऱ्यानं काउंटरवर तीन पुड्या उघडून मांडल्या: नोव्हेंबरचा पिवळा टोपाझ, डिसेंबरचा निळा फिरोजा, जानेवारीचा लालभडक तामडा. ती, नवरा आणि वडील एकमेकांकडे बघत राहिले. माझ्यानं राहवलं नाही.

“फिरोजा घ्या ना,” मी म्हणाले. “मधला महिना आहे, आणि तुमच्या रंगाला शोभेल.”

“शोभनाचं नाई म्हनत मी,” ती म्हणाली. “लेकराचं वजन मी अंदाजानं लेहलं असतं तं चाललं असतं का?”

वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू दुसरीतली मुलगी पाढा चुकली आणि पाचवीतलीनं बरोबर सांगितला. मी तीनही पुड्या गुंडाळल्या. साठीला आलेय मी, तरी दोन गुरुजनांसमोर कान धरून उभी राहायची पाळी आली.

“त्या वेळी घरात कोण होतं? आता हयात आहे असं?” वडिलांनी विचारलं.

ती विचार करायला लागली. आई नाही, बाबा नाहीत, आजी तर केव्हाच गेली. मग म्हणाली, “मावशी हाय. मायची धाकटी बहीन. अमडापूरले देल्ली. कानानं कमी ऐकते, डोकं जाग्यावर हाय.”

“मग इथं काय करतेस?” वडील म्हणाले. “जा.”

ती पुढच्या बाजारापर्यंत थांबली नाही. तिसऱ्या दिवशीच, आम्ही नुकतं शटर वर करून देवापुढं उदबत्ती लावत होतो, तर दारात उभी. धाप लागली होती.

“संक्रांत, गुरुजी!” ती म्हणाली. वडील अजून आलेही नव्हते. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि घरी फोन करून वडिलांना बोलावलं. त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदराही घातला नाही, घरातल्याच कपड्यांवर आले.

मावशी तिच्या आईच्या बाळंतपणाला म्हणून येऊन राहिली होती. एक गोष्ट तिला पक्की आठवत होती. बाळ झाल्यापासून पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून. “मावशी म्हने, तुही पाचवी बराबर संक्रांतीच्या दिवशी आली. सकाळी सुगडे पुजा, बायायले वाण द्या, अन संध्याकाळी पाचवीचं ताट मांडा. माहे पाय राह्यले नाईत त्या दिवशी. तुह्या मायले बाजेवरून उठता नाई आलं, तिचंई वाण मीच देल्लं. साठ-पासष्ट वर्सं झाले, गुरुजी, पन मावशीले पाय दुखल्याचं अजून ध्यानात हाय!”

वडिलांनी डोळे मिटले. मग उघडले, आणि मी त्यांचा तो आवाज कितीतरी वर्षांनी ऐकला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

“पोळा मागंपुढं होतो. दिवाळी मागंपुढं होते. होळीसुद्धा. सगळे सण चंद्राचे, ते इंग्रजी महिन्यांत फिरत राहतात. संक्रांत सूर्याची. ती जानेवारी सोडून कुठंही जात नाही. चौदा तारीख, एखाद्या वर्षी पंधरा.” आणि त्यांनी बोटं दुमडायला सुरुवात केली. “चौदाला पाचवा दिवस. तेराला चौथा. बाराला तिसरा. अकराला दुसरा. दहाला पहिला. दहा जानेवारी. संक्रांत पंधराची असेल तर अकरा. पण महिना जानेवारी. त्यात बदल नाही.”

“जानेवारी,” ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच. आणि पदरानं डोळे टिपले.

मला इतका आनंद झाला की मी उगाचच नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. तो तामड्याची पुडी उघडत होता, खडा हातातून निसटला आणि काउंटरखाली गेला. पाच मिनिटं आम्ही दोघं फरशीवर हात फिरवत होतो आणि वर वडील म्हणत होते, “सटवाईनं जानेवारी लिहून ठेवलं होतं. मी खोडलं.”

खडा सापडला. तामडे दोन होते, जोडीचे, जुन्या कुड्या मोडून काढलेले. तामडा हा प्रवासाला जाणाऱ्याचा खडा, सुखरूप घरी आणतो, असं जुने लोक म्हणत. आणि फार पूर्वी तर माणिक काय, तामडा काय, लाल दिसलं की सगळं एकच समजत. भिंगाखाली धरलं की फरक कळतो, आणि किंमत ऐकली की भिंगही लागत नाही. नवऱ्यानं तिला किंमत सांगितली. माणिकाच्या मानानं ती फारच कमी होती. ती आधी चकित झाली, मग पोट धरून हसायला लागली.

“म्हंजे खोटी तारीख महाग अन खरी सस्ती?”

वडीलही हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

नवऱ्यानं बोटाचं माप घ्यायला कड्यांचा जुडगा काढला आणि उजवा हात मागितला. तिनं डावा पुढे केला. “लेहाचा हात हा हाय,” म्हणाली. आमच्याकडे खडा उजव्या हातात घालायचा नियम आहे, पण तिच्यापुढं नियम सांगायची हिंमत आता कुणाचीच नव्हती.

मापं झाली. ती निघेल असं वाटलं, पण तिचं काहीतरी राहिलं होतं. “गुरुजी, तारखा दोन निंघाल्या. दहा का अकरा?”

“ते आता कळायचं नाही,” वडील म्हणाले. “साल पक्कं असतं तर जुन्या पंचांगात बघितलं असतं. पण सालही माझ्याच अंदाजाचं. दहा धर.”

“अन अकराचं काय करू?”

“काही करायचं नाही.”

तिनं काउंटरवरचे दोन्ही तामडे बोटानं शेजारी शेजारी सरकवले. मग तिनं विचारलं, “गुरुजी, तुमचा खडा कोनता?”

मला वाटलं, वडील पुन्हा हसतील. ते हसले नाहीत. “माझीही एक जुलैच,” ते म्हणाले.

हे मला माहीत होतं. त्यांच्या सगळ्या कागदांवर मी ती तारीख शंभर वेळा लिहिली असेल. दर वर्षी त्या दिवशी मी त्यांना शिराही करून घालते. पण ती त्यांची नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. सगळ्या जिल्ह्याच्या तारखेला हसणारी मी.

“थे तं तुमच्या गुरुजीची झाली,” ती म्हणाली. “खरी?”

“मी दोन महिन्यांचा असताना आई गेली. आत्यानं वाढवलं. तिनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. पोरांच्या आयांना विचारत बसलो जन्मभर.” ते काउंटरवरच्या तामड्यांकडे बघत होते. “आणि आता विचारायला माझ्याहून मोठं कुणी राहिलं नाही.”

बाहेर हातगाडीवाला संत्री ओरडत होता. मी पुड्या लावायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

“मंग अकरा तुम्ही घ्या,” ती म्हणाली.

मी वळून पाहिलं. ती अगदी साधेपणानं बोलत होती, शेजारणीला वाटीभर जास्तीची भाजी द्यावी तशी. “मले एक पुरते, गुरुजी. दोन ठेवून मी काय करू? तुम्ही मले एक देल्ली होती, तिच्यावर माही सारी नोकरी झाली. आता हे तुम्ही ठेवा. खडाई जोडीचा हाय.”

मला खात्री होती, वडील नाही म्हणणार. ज्या माणसाला पेपरातली वेलांटी सोसत नाही, आपण लिहिलेल्या खोट्या तारखेनं ज्याचा घास अडला होता, तो दुसऱ्याच्या मावशीच्या संक्रांतीतून निघालेली तारीख कशी घेईल? मी तोंड उघडून काहीतरी सांभाळून घ्यायच्या बेतात होते.

वडिलांनी उजवा हात काउंटरवर ठेवला. “कोणत्या बोटात घालतात?” त्यांनी जावयाला विचारलं.

नवऱ्यानं दोन्ही अंगठ्या चार दिवसांत केल्या, पाठ उघडी ठेवून. त्या जानेवारीत दहा तारखेला वडील देऊळघाटला गेले, अकराला ती आमच्याकडे आली. येताना तिळाच्या वड्या आणि तुरीच्या उकडलेल्या शेंगा घेऊन आली, आणि या वेळी आईच्या वाट्याच्याही शेंगा आपणच खाणार म्हणाली. मी एक जुलैचा शिरा बंद केला नाही. वडिलांना शिरा आवडतो, त्यामुळे तो आता वर्षातून दोनदा होतो.

परवा मी आणि वडील डोळ्यांच्या दवाखान्यात नाव लिहायला गेलो. खिडकीमागच्या मुलीनं मान वर न करता जन्मतारीख विचारली. एरवी हे मीच सांगते. मी कागद काढेपर्यंत वडिलांनी अंगठीचा हात खिडकीत ठेवला होता.

“कागदावर एक जुलै आहे, ती लिही,” ते म्हणाले. “खरी अकरा जानेवारी.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ‘खरी’ म्हणताना त्यांचा आवाज जराही हलला नव्हता.